गुळवेल घेतल्याने ताणामुळे मेंदूला येणारी सूज कमी होते का?

सिद्धगडाच्या परिसरात, मुरबाड आणि शहापूरच्या जंगलपट्ट्यात मोठ्या झाडांवर चढलेली, हृदयाच्या आकाराच्या पानांची एक वेल दिसते. ती गुळवेल. २०२१ मध्ये शहापूरच्या वनधन केंद्रातील कातकरी तरुणांना औषध कंपन्यांकडून गुळवेलीची मोठी मागणी आली होती. किंमत दीड कोटी रुपयांहून जास्त. कोरोनाकाळात ती 'इम्युनिटी'साठी घेतली जात होती. आता ताण आणि झोपेसाठीही तिचं नाव घेतलं जातं. यात तथ्य किती?

ताणाने मेंदूत काय होतं?

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशी असतात. ताण बरेच दिवस टिकला किंवा झोप होत नसेल, तर त्या गरज नसतानाही सक्रिय राहतात आणि सायटोकाइन नावाची दाहक रसायनं सोडतात. यालाच मेंदूचा दाह म्हणतात. ही सूज डोक्यावरच्या टेंगळासारखी बाहेरून दिसत नाही. चिंता, नैराश्य आणि विसरभोळेपणाशी तिचा संबंध असल्याचं संशोधनात आढळलं आहे.

गुळवेलीत काय आहे?

तिच्या खोडात बर्बेरिन, पाल्माटिन आणि मॅग्नोफ्लोरिन ही द्रव्यं असतात. बर्बेरिन दाह कमी करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. २०१६ मध्ये अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांना गुळवेलीचा अर्क देऊन नंतर त्यांना जागं ठेवलं. अर्क घेतलेल्या उंदरांमध्ये चिंतेची लक्षणं आणि मेंदूतला दाह कमी आढळला, स्मरणशक्तीही चांगली राहिली.

मग रोज काढा घ्यावा का?

घाई नको. हा प्रयोग उंदरांवरचा होता आणि त्यांना मोजून दिलेला अर्क होता. घरच्या काढ्यात कोणतं द्रव्य किती उतरतं, हे ठरलेलं नसतं. शिवाय बर्बेरिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं.

यकृताचं काय?

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, मात्र तिच्यासारखी दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' ही वेल घातक ठरू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं आहे. क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठी जास्त असतात. पण वाळलेल्या तुकड्यांत किंवा पावडरीत हा फरक ओळखणं अवघड.

हे लक्षात ठेवा

यकृताचा आजार, मधुमेहाची औषधं किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नका. ती घेताना डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर लगेच थांबवून दवाखाना गाठा. ट्रेकला गेल्यावर वेल तोडून आणू नका, सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात येतो. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर काढ्याच्या भरवशावर थांबू नका, डॉक्टरांशी बोला.