सीडी-आरडब्ल्यूचं मूळ दुखणं

रिराइटेबल सीडीनं लोकांना जो मनस्ताप दिला, त्याचं खापर बहुतेक वेळा सीडी राइट करणाऱ्या सॉफ्टवेअरवर फुटलं. फॉरमॅट करायलाच अर्धा तास जायचा, 650 एमबीच्या डिस्कवर सव्वापाचशेच्या आसपास एमबी उरायची आणि एवढं करून ती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडेल याची खात्री नसायची. या तक्रारी खऱ्या होत्या, पण आरोपी चुकीचा होता. दुखणं सीडीच्या कुळातच होतं.

फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 मध्ये सीडीचं प्रमाण ठरवलं ते गाण्यांसाठी. आतून बाहेर जाणारा एकच सलग सर्पिल मार्ग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाचायचा. चरा पडला तरी सूर तुटू नये म्हणून प्रत्येक लहान तुकड्यातली माहिती पुढच्या शंभराहून अधिक चौकटींत विखरून ठेवली. वाचण्यासाठी ही योजना अप्रतिम आहे. लिहिताना मात्र तीच आड येते, कारण ज्याची माहिती शेजाऱ्यांत मिसळलेली आहे असा एकच तुकडा मधूनच बदलता येत नाही. म्हणून लेखन जिथे थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, तिथे सांध्यासाठी सात ब्लॉक सोडावे लागतात. हार्ड डिस्कसारखं हवं तिथे लिहिता यावं यासाठी डिस्कचे 32 ब्लॉकचे गठ्ठे पाडले, की प्रत्येक गठ्ठा 39 ब्लॉकची जागा अडवतो. हिशेब केला तर 650 एमबीतून सुमारे 533 उरतात. ही जागा कोणत्याही प्रोग्रॅमनं गिळलेली नाही.

पुसून पुन्हा लिहिण्याची किमया स्वतः थक्क करणारी होती. काही मिश्रणं काचेसारख्या आणि स्फटिकरूप अवस्थांत आलटूनपालटून जाऊ शकतात, हे स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी 1968 मध्ये मांडलं होतं. सीडी-आरडब्ल्यूत चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा थर असतो. लेझरनं तो वितळवून झटकन थंड होऊ दिला की खूण उमटते, आणि त्याहून कमी तापमानाला तापवला की पुसली जाते. हे साधारण हजार वेळा करता येतं. किंमत मोजावी लागली ती चकाकीत. छापील सीडी सत्तर टक्के प्रकाश परत पाठवते, ही जेमतेम पंधरा ते पंचवीस. जुन्या प्लेअरना त्यामुळे डिस्क दिसतच नसे.

यावर कोणी म्हणेल, मधेच राइटिंग फसायचं तो दोष तरी सॉफ्टवेअरचाच ना? 4एक्स वेगाला सेकंदाला सुमारे 600 केबी लागतात, म्हणजे ड्राइव्हमधला 2 एमबीचा बफर साडेतीन सेकंदांत रिकामा होतो. तेवढा वेळ कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतला की सलग मार्ग तुटायचा. एकदाच लिहिता येणारी सीडी-आर तर फेकूनच द्यावी लागे. यावरचा खरा उपाय 2000 मध्ये सान्योच्या बर्न-प्रूफ तंत्रातून आला, आणि तो बसवला होता ड्राइव्हमध्ये: लेखन नेमकं कुठे थांबलं ते लक्षात ठेवून तिथूनच पुढे जोडायचं. दुर्बोध एरर मेसेजचा राग मात्र रास्तच होता. दोष डिस्कचा आहे, ड्राइव्हचा की वेगाचा, एवढं तरी माणसाला कळायला हवं होतं.

मग प्रकाशानं लिहिण्याची पद्धतच या कामाला नालायक होती का? तसंही नाही. 1998 मध्ये आलेल्या डीव्हीडी-रॅमवर कारखान्यातच सेक्टरच्या खुणा पाडलेल्या असत, खराब जागा वगळण्याची सोय होती आणि ती लाखभर वेळा लिहिता येई. पण सर्वसाधारण डीव्हीडी प्लेअर ती वाचत नसत, त्यामुळे ती बाजूला पडली. घरोघरच्या यंत्रांशी नातं हेच सीडी-आरडब्ल्यूचं बळ होतं आणि त्याच नात्यानं तिला गाण्याच्या मार्गाला बांधून ठेवलं. फॉरमॅट मागे चालू ठेवून लगेच फाइल घेणारं माउंट रेनियर हे प्रमाण पुढे आलंही, पण विंडोजनं त्याला थेट आधार दिला तो व्हिस्टात, 2007 साली. तोवर लोकांच्या खिशात पेन ड्राइव्ह आले होते.