हरवलेलें तगर

मुरुड हें मराठवाड्यांतील बाजारपेठेचें गांव. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट १९११ सालीं लातूरपर्यंत पोहोंचली आणि या काळ्या रानांतील बैलगाड्यांचा माल आगगाडीला येऊन मिळूं लागला. परंतु या मुलखांतील व्यापार रेल्वेपेक्षां फार जुना आहे. मुरुडहून नैर्ऋत्येस शेताशिवारांतून पायीं निघालें, तर दिवस मावळण्यापूर्वीं तेरणेच्या कांठचें तेर गांठतां येतें. आज मुरुड लातूर जिल्ह्यांत आणि तेर धाराशिव जिल्ह्यांत मोडतें. १९८२ पूर्वीं हीं दोन्हीं गांवें एकाच जिल्ह्यांत होतीं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ लिहिला गेला. त्यांत भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें नगर सांगितलें आहे. तेथील जाडेंभरडें कापड व मलमल गाड्यांत भरून, वाटा नसलेल्या मुलखांतून भडोचला जाई.

पुढें तें नगर ओसरलें. नांव तेवढें उरलें. शिलाहार राजे कित्येक शतकांनंतरही स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. पण तें तगर कोठें होतें, याचा थांग लागेना. विल्फर्डनें देवगिरी सुचविली, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नर, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूर. अखेर १९०१ सालीं फ्लीट यांनीं तेर हेंच तगर, असें प्रतिपादन केलें. त्याच सुमारास कझिन्स यांनीं तेथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ पाहिलें, आणि पाठीमागच्या अर्धवर्तुळाकार भिंतीवरून तें मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें, असें ओळखलें.

मात्र विद्वानांचा हा वाद चालू असतां खरा पुरावा गांवच्या पांढरींतच पडून होता. पावसानें माती वाहून गेली कीं मणी, नाणीं, भाजल्या मातीच्या मूर्ति उघड्या पडत. गांवचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं त्या वेंचून जतन केल्या. त्यांच्याच नांवें आज तेथें शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें इटलींतील पाँपेई येथें सांपडलेल्या मूर्तीशीं विलक्षण साम्य आहे. आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें.

तेर हें संत गोरोबा कुंभारांचेंही गांव. त्यांच्या समाधीच्या दर्शनास वारकरी आजही येतात. पायांखालच्या ढिगाऱ्यांत एक नगर निजलें आहे, हें त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल. राजांच्या बिरुदांवरून ज्याचा ठावठिकाणा कळला नाहीं, तें तगर कुंभाराच्या गांवच्या मातीनें सांभाळून ठेविलें होतें.