प्रतिष्ठानची गाथा आणि जरठ-कुमारी विवाह

प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, राजा हाल सातवाहन याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत एका तरुण स्त्रीची बाजू घेणारी गाथा आहे. गाव तरुणांनी भरलेले, महिना वसंताचा, हाताशी जुने कडक मद्य, तिचे स्वतःचे ऐन तारुण्य, नवरा मात्र म्हातारा, आणि वर तिच्यावर कुणाचा धाक नाही. एवढी परिस्थिती मांडून कवी विचारतो, की हिने वाट सोडू नये तर काय मरावे? वयातले एवढे अंतर विवाहाला पेलत नाही हे त्याला दिसते आहे आणि त्याचे ओझे तो बाईच्या शीलावर टाकायला तयार नाही. पुढच्या दीड-दोन हजार वर्षांत याच गोदाकाठी म्हातारा नवरा आणि कोवळी नवरी ही जोडी नित्याची झाली. ती पुरुषांच्या वासनेमुळे किंवा बापांच्या लोभामुळे झाली, असे म्हणून आपण मोकळे होतो. वासना आणि लोभ सातवाहनांच्या काळातही होतेच. बदलले ते एवढेच, की बाईला थांबण्याची आणि नाही म्हणण्याची सोय उरली नाही.

गाथा म्हणजे काही खानेसुमारी नव्हे, दरबारी रसिकांसाठी पुरुषांनी बायकांच्या तोंडी घातलेले ते काव्य आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण टीकाकारांच्या परंपरेत रेवा, अनुलक्ष्मी, माधवी अशी कवयित्रींची नावेही येतात. शिवाय कल्पित बोलही श्रोत्यांना पटावे लागतात. म्हाताऱ्याच्या तरुण बायकोची कड घेतलेली त्या श्रोत्यांना खपत होती, हे तर गाथेवरून दिसतेच. आणि दगडावरचा पुरावा काव्याहून पक्का आहे. नाणेघाटच्या लेखात राणी नागनिकेच्या यज्ञांची आणि दानांची मोठी यादी आहे, नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या नावाने लेणे दान दिले आहे. राण्यांचे सोडून द्या. कार्ले, कान्हेरी, नाशिक इथल्या लेखांत साध्या घरच्या बायकांची आणि भिक्षुणींचीही दाने नोंदलेली आहेत. ज्या समाजात बाईच्या हाती दान देण्याजोगे काही होते, तिथे तिच्या मनालाही काही किंमत असावी, हा तर्क मला ओढूनताणून केलेला वाटत नाही.

पैशाच्या अंतराचेही तसेच. दुसऱ्या एका गाथेत गरिबाघरच्या गर्भवतीला डोहाळे विचारतात आणि ती फक्त पाणी मागते, नवऱ्याचा जीव कासावीस होऊ नये म्हणून. चौदाशे-पंधराशे वर्षांनी त्याच पैठणात एकनाथांच्या भारुडातली बाई दारिद्र्याचा पाढाच वाचते. घर मोडके, लुगडे फाटके, चोळी शिवायला दोरा नाही, असला नवरा मला नको. नाथांचा रोख परमार्थावर आहे, हे खरेच. पण रूपक लोकांच्या अंगवळणी पडलेल्या अनुभवावरच उभे राहते. भवानीला नवस बोलून सासरच्या एकेकाची, शेवटी नवऱ्याचीही, ब्याद टाळायला सांगणारी सूनही नाथांचीच. अशी बाई परमार्थाच्या आडोशानेच बोलू शकत होती. गाथेतल्या बाईला असा आडोसा लागत नव्हता.

मधल्या काळात पैठण धर्मनिर्णयाचे पीठ झाले होते. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले, तेव्हा त्यांच्या मुलांना शुद्धिपत्र मागायला पैठणलाच जावे लागले, अशी परंपरा आहे. विवाहाबद्दल इथल्या ब्रह्मवृंदाचा शब्द किती दूरवर चालत असे, ते यावरून कळते. शास्त्राने मुलीचे वय बांधून टाकले होते. आठ वर्षांची गौरी, नऊची रोहिणी, ऋतुप्राप्तीपूर्वी कन्यादान झालेच पाहिजे. विधवेला पुन्हा लग्न नाही, विधुराला मात्र कितीही वेळा मोकळीक. आता हा हिशेब पन्नाशीच्या विधुराला लावून पाहा. पुन्हा घर मांडायचे तर त्याला आठ-दहा वर्षांची मुलगीच करावी लागे, कारण त्याहून मोठी अविवाहित मुलगी समाजात शिल्लकच नसे. नाना फडणवीस 1800 साली अठ्ठावन्नाव्या वर्षी वारले, तेव्हा त्यांची पत्नी जिऊबाई जेमतेम नऊ वर्षांची होती. अंतर एवढे झाले, की तिथे पैसा शिरणारच. गरीब बापाला मुलगी उजवण्याची घाई, श्रीमंत म्हाताऱ्याला नवरी मिळवण्याची. पेशवाईत वाई प्रांतातल्या ब्राह्मणांना मुलीबद्दल द्रव्य घेण्याची मनाई करणारा हुकूम काढावा लागला आणि त्यात घेणारा, देणारा, मध्यस्थ असे तिघेही दंडास पात्र ठरवले गेले. गोविंद बल्लाळ देवलांनी 1899 मध्ये ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणले, त्यातही म्हातारा भुजंगनाथ, बाप कांचनभट आणि दलाल भद्रेश्वर दीक्षित हेच तिघे आहेत. शतक सरत आले तरी सौदा चालूच होता.

यावर कुणी रानड्यांचे नाव घेईल. 1873 मध्ये पहिली पत्नी वारल्यावर महादेव गोविंद रानडे एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न करून बसले, आणि तो संसार सुखाचा झाला. रमाबाईंच्या आठवणी वाचणाऱ्याला त्यातल्या प्रेमाबद्दल शंका येणार नाही. पण विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या रानड्यांनाही वडिलांच्या आग्रहापुढे नमावे लागले, आणि अकरा वर्षांच्या मुलीला तर कुणी विचारलेही नाही. संसार सुखाचा झाला तो नवऱ्याच्या चांगुलपणावर. एवढी मोठी गोष्ट दुसऱ्याच्या चांगुलपणावर टांगून ठेवणे हाच मुळी अन्याय आहे. याउलट धोंडो केशव कर्वे पाहा. 1891 मध्ये तेही विधुर झाले. त्यांनी विधवेशीच लग्न करायचे ठरवले आणि 1893 मध्ये आठव्या वर्षी विधवा झालेल्या गोदूबाईंशी ते केले. दोघांच्या वयात सातेक वर्षांचेच अंतर होते. विधवेवरची एक बंदी झुगारताच नवरानवरीमधली वीस, तीस, पन्नास वर्षांची दरी नाहीशी झाली. त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला, पण त्यांच्या लग्नाने जे सिद्ध केले ते पुसता आले नाही.

म्हणून दोन सज्ञान माणसांनी आपणहून जोडलेल्या नात्यात वीस वर्षांचे अंतर असले किंवा एकाची मिळकत दुसऱ्याच्या दसपट असली, तर इतरांनी नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. दोघांतल्या दुबळ्याला उद्या निघून जाता येते का, एवढेच पाहावे. काळजी आहे ती वेगळ्या मुलींची. बालविवाहाला आळा घालणारा 1929 चा शारदा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता, आणि पैठण 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. 1978 पासून मुलीचे किमान वय अठरा आहे. तरीही मराठवाड्यात ऊसतोडीला निघालेले आईबाप मागे राहणाऱ्या मुलीच्या धास्तीने तिचे लग्न आधीच उरकून टाकतात, आणि कर्जाखाली दबलेल्या घराला हुंडा न मागणारे थोराड स्थळ पसंत पडते. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने गावात ग्रामसेवकावर हे रोखण्याची जबाबदारी आहे. तुमच्या गल्लीत असे लग्न ठरल्याचे कानावर आले, तर अक्षता घेऊन जाऊ नका. ग्रामसेवकाला गाठा, किंवा 1098 वर फोन करा.