जुनापाणीची शिळावर्तुळे

नागपूरच्या वायव्येस, काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जुनापाणी हे खेडे आहे. त्याच्या शिवारातील बरड जमिनीवर मोठ्या धोंड्यांनी वेढलेले माती-मुरमाचे बसके उंचवटे पसरलेले आहेत. त्यांची संख्या सुमारे तीनशे मानली जाते. ही लोहयुगातील दफनस्थाने असून पुरातत्त्वात त्यांना शिळावर्तुळे म्हणतात. टाकळघाट, खापा, माहुरझरी, नैकुंड अशा विदर्भातील अनेक ठिकाणी ती आढळतात. त्यांचा काळ स्थूलमानाने इ.स.पू. १००० ते ३०० असा धरला जातो.

वर्तुळ रचण्यासाठी काळीची जमीन टाळून मुरमाड उंचवटा निवडलेला दिसतो. ठरलेल्या जागी, कधी उथळ खड्ड्यात तर कधी थेट जमिनीवर, अस्थी, मडकी आणि लोखंडी वस्तू ठेवीत. त्यांवर ओढ्याकाठची चिकट काळी माती आणून लिंपीत, मग मुरूम आणि गोट्यांची भर टाकीत आणि कडेने काळ्या दगडाचे धोंडे बसवीत. काही वर्तुळांचा व्यास दहा मीटरांच्या आसपास, तर काहींचा पंधराहून अधिक आहे. इतके धोंडे ओढून आणणे एका कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हते. त्यामागे गावाचे किंवा कुळाचे एकत्रित श्रम असले पाहिजेत.

विदर्भातील या वर्तुळांची शोधकथा स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यापासून सुरू होते. टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री, पूर आलेला ओढा ओलांडताना तो बुडून मरण पावला. त्याचे लेखन रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. जुनापाणीचे उत्खनन जे. एच. रिव्हेट-कार्नाक याने केले. त्याचा लेख १८७९ मध्ये छापून आला. त्या काळी परिसरातील लोक ही वर्तुळे प्राचीन गवळ्यांची मानीत. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. काळी-तांबडी मृद्भांडी आणि लोखंडी अवजारे ही या दफनांची ओळख आहे. पाते दांड्याला घट्ट बसावे म्हणून आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेली कुऱ्हाड खास विदर्भाची म्हणावी लागेल. जवळच्या माहुरझरीला शां. भा. देव यांना घोड्याचे अवशेष आणि त्याचा तांब्याचा मुखसाज मिळाला, तर नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. हे लोक केवळ भटके गुराखी होते, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली.

जुनापाणीचे खरे कोडे धोंड्यांवर आहे. वर्तुळाच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. ते नैसर्गिक नव्हेत, हे त्यांच्या मांडणीवरूनच कळते. स्कॉटलंडमधील शिळांवरही तसेच खळगे असल्याचे रिव्हेट-कार्नाकच्या लक्षात आले होते. तेवढ्या साम्यावरून दोन्हीकडील लोकांचे नाते जोडणे मात्र धाडसाचे ठरते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खळग्यांचे धोंडे वर्तुळात कोणत्या दिशांना येतात याची मोजणी करून त्यांचा आकाशनिरीक्षणाशी संबंध सुचवला आहे. हे अनुमान विचारार्ह असले तरी खळग्यांचा अर्थ अजून निश्चित झालेला नाही. दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. वर्तुळांतून मिळणाऱ्या अस्थी थोड्या आणि बहुधा अपुऱ्या असतात. म्हणजे असे दफन सर्वांच्या वाट्याला येत नसावे. मग उरलेल्यांचे अंत्यविधी कोठे आणि कसे होत, याचा उलगडा झालेला नाही. दफनांच्या मानाने त्यांच्या वस्तीच्या जागाही फारच थोड्या सापडल्या आहेत.

जुनापाणीची वर्तुळे केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत मोडतात. परंतु मुरमाचे खोदकाम, नांगरट आणि नागपूरची वाढती वस्ती यांपासून विदर्भातील अशा स्थळांना धोका आहे. येथे धोंड्याची जागा हीच पुराव्याची बाब असल्याने एक धोंडा हलला तरी पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून उरलेल्या प्रत्येक वर्तुळाचा आराखडा धोंड्यांसह नोंदवणे, हे नव्या उत्खननापेक्षाही तातडीचे काम आहे.