आरसीसी घर भूकंपात कसं टिकतं? पिलर, रिंग आणि मजबुतीकरणाची संपूर्ण माहिती

केज, अंबाजोगाई, लातूर या पट्ट्यात सध्या खाली दुकान आणि वर घर अशी आरसीसी बांधकामं भराभर उभी राहतायत. "आरसीसी आहे ना, मग भूकंपाची काय भीती?" असं सर्रास बोललं जातं. हे कितपत खरं आहे, ते या लेखात समजून घेऊया.

किल्लारीने काय शिकवलं?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन होतं आणि लोक गाढ झोपेत होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसं गेली. केजपासून किल्लारी सरळ रेषेत अंदाजे ९० किलोमीटरवर आहे.

तिथली बहुतेक घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती आणि वर मातीचं जड माळवद होतं. भिंती फुटल्या आणि सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ साली आयएस १८९३ या मानकात सुधारणा झाली, झोन १ रद्द झाला आणि किल्लारी परिसर झोन ३ मध्ये आला.

मग आरसीसी पुरेसं आहे का?

नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अनेक आरसीसी इमारती कोसळल्या. त्यातल्या बऱ्याच इमारतींच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते पिलर होते, भिंती नव्हत्या.

आपल्याकडच्या शटरच्या दुकानांची गोष्ट तीच आहे. वरच्या मजल्यावर विटांच्या भिंती असल्याने तो भाग कडक असतो आणि खालचा मोकळा भाग लवचीक राहतो. जमीन हलली की सगळी हालचाल तळमजल्याच्या पिलरवर येते आणि तेच आधी मोडतात.

मुख्य तत्त्व: वाकावं, पण मोडू नये

वाळलेली तुराटी वाकवली की कटकन मोडते, ओला फोक मात्र वाकतो आणि तुटत नाही. काँक्रीट एकटं असेल तर तुराटीसारखं वागतं. त्यात लोखंड योग्य पद्धतीने बांधलं तर फोकासारखं वागू शकतं. मोठ्या भूकंपात घराला तडे जातील, पण ते कोसळू नये आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळावा, हा सगळ्या नियमांचा हेतू आहे. हे बारकावे आयएस १३९२० या मानकात आहेत. झोन ३ आणि त्यावरच्या भागात त्याचं पालन अपेक्षित आहे.

नवीन बांधकाम करताना काय बघायचं?

१. पिलरची जाडी: २०१६ च्या सुधारणेनुसार पिलरची लहान बाजू किमान ३०० मिमी, म्हणजे १२ इंच हवी. भिंतीत लपतो म्हणून आपल्याकडे ९ इंची पिलर टाकतात. तो या नियमात बसत नाही.

२. रिंगचा हूक: रिंगची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. ८ मिमीच्या रिंगला वळणापुढे किमान ६५ मिमी टोक सोडावं. हूक काटकोनात असेल तर हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट गळतं, रिंग उघडते आणि उभे गज बाहेर फुगतात.

३. रिंगमधलं अंतर: पिलरच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, निदान १८ इंच लांबीत, रिंगा दाट हव्यात. १२ इंची पिलरला तिथे दोन रिंगांत ३ इंचांपेक्षा जास्त अंतर नको. बीम जिथे पिलरला मिळतो त्या जोडातही रिंगा हव्यात. बांधायला अवघड जातं म्हणून नेमक्या तिथेच त्या गाळल्या जातात.

४. गजाचा जोड: उभ्या गजांचा जोड स्लॅबला लागून नको, पिलरच्या मधल्या अर्ध्या उंचीत घ्यावा. सर्वात जास्त ताण टोकांवर येतो.

५. पिलर बीमपेक्षा ताकदवान: बीम वाकला तर मजला तग धरतो. पिलर गेला तर अख्खा मजला खाली येतो.

६. गजाचा प्रकार: एफई ५०० डी घ्यावा. साधा एफई ५०० तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबतो, डी प्रकार किमान १६ टक्के.

७. पाणी: काँक्रीट सैल व्हावं म्हणून मिक्सरमध्ये वरून पाणी ओतू नका, मजबुती घटते. स्लॅबवर मात्र पाणी मारायलाच हवं. पीपीसी सिमेंट असेल तर किमान १० दिवस. टंचाईत ओलं पोतं किंवा आळी करून पाणी वाचवता येतं.

८. पाया: काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्याखालच्या घट्ट मुरुमापर्यंत न्यावा.

जुनं घर मजबूत करता येतं का?

हो. यासाठी आयएस १५९८८ हे २०१३ चं मानक आहे. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी. त्यानंतरचे मुख्य मार्ग असे:

- जॅकेटिंग: पिलरभोवती नवे गज आणि रिंगा बांधून सुमारे ४ इंच जाडीचं काँक्रीट चढवणं. गज पायात आणि वरच्या मजल्यात नीट अडकवले नाहीत तर उपयोग कमी होतो.
- लोखंडी अँगल आणि पट्ट्या: पिलरच्या चारही कोपऱ्यांना अँगल लावून आडव्या पट्ट्या वेल्ड करणं.
- फायबरचं वेष्टन: इपॉक्सीने चिकटवलेलं कापड. जागा कमी खातं, पण खर्चिक आहे.
- भिंत किंवा तिरके आधार: मोकळ्या तळमजल्यात दोन्ही दिशांनी काँक्रीटच्या भिंती किंवा लोखंडी तिरके आधार देणं. दुकानांच्या इमारतीसाठी हा पर्याय आधी तपासावा.

एकच पिलर जाड करून भागत नाही. एका बाजूला कडकपणा वाढला तर इमारत पिळते, म्हणून आराखडा संपूर्ण इमारतीचा हवा.

लक्षात ठेवा

काँक्रीट पडल्यावर रिंगा दिसत नाहीत. म्हणून पिलर आणि स्लॅब भरण्याआधी इंजिनिअरला साइटवर बोलवा, हूक आणि अंतर टेपने मोजून घ्या, फोटो काढून ठेवा. मिस्त्री म्हणेल, "एवढं कोण करतं?" त्याला सांगा, घर आपलं आहे आणि त्यात झोपणारी माणसंही आपलीच आहेत.