रिक्त अक्षरांचा प्रश्न आणि एक्सएमएल-वृक्षातील संचार

एक्सएमएल या खूणभाषेचे पहिले मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केले. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या एसजीएमएलची ही सुटसुटीत आवृत्ती होय. खुणांखेरीज दस्तऐवजात जी जी अक्षरे असतील, ती सर्व, रिक्त जागा व ओळभंग यांसह, वाचक-प्रणालीने पुढे सोपविलीच पाहिजेत, असा दंडक तीत घातलेला आहे. संहितेच्या अखंडतेसाठी घातलेल्या या दंडकानेच पुढे संचाराचा प्रश्न उभा केला.

त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी ‘डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल’ अर्थात डॉम या मानकाची पहिली पातळी मान्य झाली. तीत दस्तऐवज हा वृक्ष कल्पिला असून ‘फर्स्टचाइल्ड’ने पहिल्या अपत्याकडे आणि ‘नेक्स्टसिब्लिंग’ने पुढील भावंडाकडे जाता येते. परंतु ‘ग्रंथ’ या घटकात ‘शीर्षक’ व ‘लेखक’ हे दोन घटक स्वतंत्र ओळींवर लिहिले, तर अपत्ये दोन न भरता पाच भरतात. कारण भोवतालच्या रिक्त जागाही मजकूर-ग्रंथीच ठरतात. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएक्सएमएलने अशा ग्रंथी सामान्यतः गाळल्या, तर मोझिलाने त्या राखल्या. परिणामी एकाच आज्ञावलीला दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळू लागली.

‘गेटएलिमेंट्सबायटॅगनेम’ या पद्धतीने ही अडचण केवळ अंशतः टळते. ती नावावरून शोध घेते खरी, पण सर्व पिढ्यांतील वंशज एकत्र देते. निकटचे अपत्य कोणते, हे ती सांगत नाही. १६ नोव्हेंबर १९९९ रोजी मान्य झालेल्या एक्सपाथने नाव व नाते यांचा मेळ घातला. तथापि ती स्वतंत्र मार्गदर्शक भाषा होती. डॉमच्या अंगभूत संचाराला तेवढ्याने पूर्णता आली नाही.

ती उणीव २२ डिसेंबर २००८ च्या ‘एलिमेंट ट्रॅव्हर्सल’ या मानकाने भरून काढली. ‘फर्स्टएलिमेंटचाइल्ड’, ‘नेक्स्टएलिमेंटसिब्लिंग’ इत्यादी गुणधर्म केवळ घटकांवरून पुढे जातात. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, रिक्त अक्षरे पुसून टाकण्याचा सोपा मार्ग या मानकाने पत्करला नाही. मूळ वृक्ष जसाच्या तसा ठेवून त्यावर घटकांपुरती दुसरी वाट आखून दिली. संहितेची निष्ठा आणि वापराची सोय यांत एकीचा बळी देण्याचे कारण नव्हते, हे उमगण्यास दहा वर्षे लागली, असेच या इतिहासावरून म्हणावे लागते.