तळटीप : हिंडोला महालाच्या कललेल्या भिंती आणि तांत्रिक कॅमेरा

मध्य प्रदेशातील मनावर गावाच्या पूर्वेस, विंध्याच्या कड्यावरील मांडूची छायाचित्रे लाला दीनदयाळ यांनी १८८० च्या दशकात काचपट्ट्यांवर घेतली. तेथील हिंडोला महालाच्या बाजूच्या भिंती मुळातच आत झुकवून बांधलेल्या आहेत, आणि साधा कॅमेरा वर रोखला की ओळंब्यातली भिंतही आत झुकलेली दिसते. त्यामुळे अशा चित्रातला कल गवंड्याचा की कॅमेऱ्याचा, हे अभ्यासकाला ठरवता येत नाही. तांत्रिक कॅमेऱ्यात, म्हणजे भिंग आणि प्रतिमा टिपणारा भाग स्वतंत्रपणे सरकवता येणाऱ्या यंत्रात, मागचा भाग ओळंब्यात ठेवून केवळ भिंग वर सरकवतात, म्हणजे शिखर चौकटीत येते आणि चित्रात उरलेला कल इमारतीचाच असतो; स्थापत्याच्या नोंदीसाठी हीच रीत ग्राह्य धरली पाहिजे. आता काचपट्टीच्या जागी डिजिटल बॅक, म्हणजे मोठा संवेदक असलेली सुटी पेटी, बसवतात. सरकवलेल्या रुंदकोनी भिंगातून येणारे किरण संवेदकाच्या कडांवर फार तिरके पडतात व तेथे हिरवट किंवा जांभळट झाक चढते. म्हणून भिंगासमोर दुधी पट्टी धरून, मांडणी न हलवता, आणखी एक चित्र घेतात आणि त्याच्या आधारे संगणकावर मूळ चित्रातील झाक काढून टाकतात.